चारशे अठरा किलोमीटर

जुनी गाडी विकायला काढलेला प्रत्येक माणूस ती जवळजवळ वापरलीच नाही असं सांगतो. कधी घाटात घातली नाही, बायको बाजारापुरती न्यायची, बस. एका लिलावगृहासाठी गाड्यांच्या किमती ठरवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि 'साहेब, मी ही गाडी मन लावून पिदडली' असं कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी सांगायचं आणि मी गाडीखाली शिरून खरं काय ते बघायचं, अशी आमची कामाची वाटणी आहे.

म्हणून दातांच्या डॉक्टरांचा फोन आला आणि ते म्हणाले, "रनिंग चारशे अठरा आहे," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "हजार?"

"हजार कुठले. नुसते चारशे अठरा. तुला माहीत असायला हवं, तूच विकलीस मला."

मग आठवलं. गाडी नंतर आठवली, आधी शोरूम आठवलं.

रस्त्याच्या वळणावर होतं ते, तिन्ही बाजूंनी काच. मी तिथे विक्रेता म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. रोज सकाळी ती काच जुन्या वर्तमानपत्रांनी पुसायची. हाताला शाई लागायची आणि ती दुपारपर्यंत निघायची नाही. मालक पट्टा पोटावर ओढत मागे उभे राहायचे. म्हणायचे, काच अशी पुसा की गिऱ्हाइकाचं नाक आपटलं पाहिजे. एकदा एकाचं खरंच आपटलं. आम्ही त्याला बसवलं, पाणी दिलं, कपाळाला बर्फ लावला, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं गाडी घेतली. आत नव्या रबराचा आणि मेणाच्या पॉलिशचा वास असायचा. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी अजून त्या वळणावर आलो की नाकानं एकदा आत जाऊन येतो.

त्या वर्षी कंपनीनं एक वेगवान गाडी काढली. दोन दारं, दोन सीटा, सामानाला एका पिशवीपुरती जागा. इंजिन असं की शोरूममध्ये सुरू केलं की मालकांच्या टेबलावरच्या टाचण्या सरकायच्या. अशा फक्त तीनशे निघणार होत्या. प्रत्येकीच्या दाराच्या कडेला पितळी पट्टी, त्यावर क्रमांक. आमच्या वाट्याला एकच आली, एकशे सत्त्याऐंशी.

मालकांनी मला बसवून शिकवलं. पट्टीवर मखमलीचा तुकडा टाकून ठेवायचा आणि तो सगळ्यात शेवटी उचलायचा. 'गाडी' म्हणायचं नाही. 'ठेव' म्हणायचं.

मी विचारलं, "पण तीनशेच का काढल्या?"

"तीनशे एकावं गिऱ्हाईक मिळेना म्हणून," मालक म्हणाले. "हे काचेच्या आत ठेवायचं."

डॉक्टर आले ते बायकोला घेऊन. तेव्हा ते अठ्ठेचाळीसचे, अर्ध्या गावाच्या दाढा त्यांनी भरलेल्या, आणि मिळवलेल्याचं करायचं काय या विवंचनेत असलेले. गाडीभोवती ते चार वेळा फिरले. बाई एका जागी उभ्या राहिल्या. मी मखमल उचलली, क्रमांक दाखवला, तीनशेचं सांगितलं, पुढे भाव कसा चढणार ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे शेवटी विकायचीच," त्या म्हणाल्या. "विकायची वस्तू घरात कशाला आणायची? तुमच्याकडेच राहू दे."

डॉक्टर हसले आणि माझी विक्री डोळ्यांदेखत निघाली. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मालकांनी शिकवलेलं नव्हतं, माझं स्वतःचं होतं. "मॅडम, ही जितकी कमी चालवाल तितकी वाढेल."

डॉक्टरांनी सही केली. बाई दारातून जाताना म्हणाल्या, "येतो हं, ठेववाले."

मालकांनी मला त्या दिवशी स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. नंतर तेच वाक्य आम्ही प्रत्येक महागड्या गाडीला लावलं. मी एवढा हुशार फार थोडे दिवस होतो, पण होतो.

*

डॉक्टरांचं घर दुमजली. खाली रस्त्याला लागून त्यांचा दवाखाना, शेजारी गॅरेज, आणि बाजूनं जिना वर राहत्या घरात जातो. दवाखाना त्यांनी दोन वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरीणबाईंना चालवायला दिला होता. स्वतः सत्तरीचे झाले तरी पायात दवाखान्यातले पांढरे बूट होते.

"ती वर आहे," ते बायकोबद्दल म्हणाले. "खाली येत नाही. बत्तीस पायऱ्या आहेत. गुडघे गेले, त्यात छातीचं दुखणं. वर्षभरात चार वेळा उतरली, चारही वेळा हॉस्पिटलात न्यायला. वर चढवताना खुर्चीत घालून चढवतात. तिला ते अजिबात आवडत नाही."

गॅरेजचं शटर वर ढकलता ढकलता त्यांनी बाकीचं सांगितलं. गावाच्या टोकाला एक बैठं घर बघून ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे चार हात अंगण, एकही पायरी नाही. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. साठवलेलं आजारपणात गेलं होतं; उरलं त्यात घराचा निम्मा भाग बसत होता.

"बाकीचा निम्मा इथे आहे," म्हणून त्यांनी गाडीवरच्या आच्छादनावर हात ठेवला. "नव्याच्या दुप्पट आली पाहिजे. दुप्पट आली की घर आलं. येईल ना? तू म्हणाला होतास."

मी म्हटलं, "बघू तर आधी."

आमच्या धंद्यात 'बघू' हा शब्द फार उपयोगी आहे. त्यात आशाही बसते आणि पळवाटही.

आच्छादन काढलं. तोच गडद निळा रंग. टायरांच्या कडा सोडल्या तर गाडी शोरूममधून कालच निघाल्यासारखी. मी बोटाला शाई लागलीय का बघितलं, इतका त्या काळात गेलो. मग दार उघडलं.

सीट बसलेली होती.

हे नीट सांगायला हवं. गाडीत चढता-उतरताना आपली मांडी सीटच्या बाहेरच्या कडेवर घासते. तीन-चारशे किलोमीटर चाललेल्या गाडीत ती कड कडक, फुगलेली असते. इथे ती पार दबली होती, कातड्याला बारीक सुरकुत्या, शिवण एके ठिकाणी उसवून पुन्हा घातलेली. बसायच्या जागी खोलगट. स्टिअरिंगवर दोन हात जिथे धरतात तिथे कातडं गुळगुळीत होऊन चमकत होतं. क्लचच्या पेडलवरच्या पायरबराच्या रेघा झिजून गेल्या होत्या. मी शेजारच्या सीटकडे बघितलं, तर ती याहून दबलेली.

अशी सीट मी शेकड्यांनी बघितली आहे. ती लाख-सव्वा लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत असते. मीटर बघितलं. चारशे अठरा.

मीटर मागे फिरवणारी माणसं मला नवी नाहीत. पण या माणसानं माझी दाढ भरली होती, पैसे न घेता, वर 'गोड कमी खा' म्हणून दरडावलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, सीटा अशा कशानं झाल्या?"

"पुसून," ते म्हणाले. "मी रोज पुसायचो."

"पुसून चमक येते. खड्डा पडत नाही."

"मग उष्णतेनं असेल. गॅरेज तापतं."

"क्लचचं रबर उष्णतेनं झिजलं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्याचं तोंड उघडून बघितलेल्या माणसाला स्वतःचं कसं मिटायचं ते बरोबर माहीत असतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण न सांगण्यात त्यांचंच नुकसान होतं. "मला कागदावर रनिंग खरं की खोटं ते लिहावं लागतं. खाली माझी सही असते. 'रनिंग संशयास्पद' असं लिहिलं, तर दुप्पट सोडा, तिसरा हिस्साही येणार नाही. ही गाडी कुणी चालवायला घेत नाही, हा आकडा घ्यायला येतात. तुम्ही वापरली असेल तर वापरली म्हणा. त्यात लाज कसली?"

"वापरली नाही."

"मग ह्या सीटा?"

"तू लिही तुला काय लिहायचं ते," ते म्हणाले. मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून, "फक्त वर जाऊन तिला काही विचारू नकोस."

"काकूंना काय विचारायचं?"

"काही नाही. म्हणूनच म्हणतो."

मी जॅक लावला, टॉर्च घेतला आणि गाडीखाली शिरलो. माणसाशी बोलणं अवघड झालं की मी गाडीखाली शिरतो. तिथे सगळं सरळ असतं. आणि तिथे तर आणखीच घोळ निघाला. ब्रेकच्या डिस्क जवळपास पूर्ण जाड, न झिजलेल्या. खालचा पत्रा कोरा, एक खडा उडून लागल्याची खूण नाही. सायलेन्सरला गंज होता, पण तो उभ्या गाडीचा गंज. ही गाडी सव्वा लाख सोडा, हजारभर किलोमीटरही पळालेली नव्हती. वरून म्हातारी, खालून तान्ही. मी तसाच पाठीवर पडून राहिलो आणि मनात दोन रकाने आखून बघितले. दोन्हींची बेरीज काही केल्या जुळेना.

तेवढ्यात जिन्यावर आवाज आला. काठी, पाऊल, दुसरं पाऊल, मग थांबणं. पुन्हा काठी.

मला खालून फक्त पाय दिसत होते. पांढरे बूट एकदम दाराकडे धावले.

"अगं, काय करतेस? एकटी उतरलीस?"

"मग काय, खुर्ची बोलावू?"

"बस तिथेच. पायरीवर बस."

"उतरलेय आता. सरका."

पांढरे बूट सरकले. मापानं मोठ्या सपाता, सुजलेले घोटे आणि एक काठी माझ्या टॉर्चच्या उजेडात येऊन थांबली. वरून श्वास ऐकू येत होता. तो शांत व्हायला वेळ लागला.

"ठेववाले," काकू म्हणाल्या, "बाहेर या. तुमचं सगळं बोलणं वर ऐकू आलं. माझा नवरा मीटर फिरवेल असं वाटलं तुम्हाला? त्याला घड्याळ पुढे करता येत नाही."

मी बाहेर आलो. त्या गाडीच्या टपाला टेकून उभ्या होत्या. केस सगळे पांढरे, चेहरा घामेजलेला, आणि नजर तीच, शोरूममधली.

डॉक्टर म्हणाले, "अगं, सोड ना. कशाला?"

"का? चोरी केलीय का आपण?" मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "मला गाडी लागते."

मला समजलं नाही.

"लहानपणापासून. बस, मोटार, काहीही. माहेरी जायचं तर मी आदल्या दिवसापासून जेवायची नाही. ह्यांना वाटलं, भारीतली गाडी घेतली की लागणार नाही. गाडी आणली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्राला निघालो. सहा तासांचा रस्ता. चाळीस किलोमीटरमध्ये चार वेळा थांबलो. चौथ्या वेळेला मी रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हटलं, मला इथेच सोडा, तुम्ही समुद्र बघून या."

"मी वळवली," डॉक्टर म्हणाले.

"वळवली. मग काही रविवार एकटेच फिरले. तोंड पाडून यायचे."

"एकट्यानं काय मजा."

"मग एका संध्याकाळी दवाखाना बंद करून हे गाडी पुसत होते आणि मी सहज आत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर. काच खाली केली. काही हलत नव्हतं, काही लागत नव्हतं. मी म्हटलं, चला, न्या आता समुद्राला."

डॉक्टर पट्टी न्याहाळत होते, जणू क्रमांक आजच दिसला.

"आणि नेलं ह्यांनी," त्या म्हणाल्या.

रोज. दवाखाना बंद झाल्यावर जेवणाच्या आधी, शटर निम्मं वर, तासभर. इंजिन बंद. काकूंच्या मांडीवर नकाशा असायचा. त्या रस्ता सांगायच्या, वळण आलं की सांगायच्या, आणि डॉक्टर खरोखर क्लच दाबून गिअर बदलायचे. न बदलता वळण घेतलं तर काकू मागे जाऊन पुन्हा घ्यायला लावायच्या. समुद्र एका आठवड्यात झाला. मग डोंगर, मग हद्दीपलीकडचे देश. रोज तासाभराचाच रस्ता, आदल्या दिवशी सोडलं तिथून पुढे. एकदा एका घाटात पाऊस लागला म्हणून चार दिवस अडकून पडले होते. म्हणजे डॉक्टरांना सर्दी झाली होती.

"महिन्यातून एकदा मेकॅनिक यायचा," डॉक्टर म्हणाले. ते आता गॅरेजच्या भिंतीशी बोलत होते. "इंजिन सुरू करायचा, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचा. त्यानंतर मीटर फिरलं ते तेवढंच."

"आणि लोकांना तुम्ही सांगायचात," काकू म्हणाल्या, "भाव चढावा म्हणून उभी ठेवलीय."

"दुसरं काय सांगणार? कंजूष म्हणाले, ते परवडलं. हे सांगितलं असतं तर माझ्यापुढे तोंड कुणी उघडलं असतं का?"

मी मनात हिशेब केला. रोज एकदा चढणं-उतरणं, वर्षाचे साडेतीनशे धरू. दीड वर्षापूर्वी काकूंचं खाली येणं थांबलं. त्याआधीची वीस वर्षं. सात हजार वेळा. सव्वा लाख पळालेल्या गाडीच्या सीटवर माणूस जवळजवळ तेवढ्याच वेळा चढतो. दोन्ही रकाने जुळले, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. बेरीज जुळल्यावर मला नेहमी बरं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. कमी चालवा म्हणजे वाढेल असं मी म्हटलं होतं, आणि या दोघांनी न चालवता ती झिजवली होती.

"आता पुढचं ऐकून घ्या," मी म्हटलं, "आणि ऐकताना दोघं बसा."

बसायला तिथे दोनच जागा होत्या. डॉक्टरांनी काकूंना शेजारच्या सीटवर टेकवलं, पाय उचलून आत ठेवले, आणि वळसा घालून स्वतः स्टिअरिंगमागे बसले. ते करताना दोघांना बघावंही लागलं नाही, एवढं ते सवयीचं होतं. मी दाराशी वाकून बोललो.

"सीटा नव्यासारख्या असत्या तरी दुप्पट आली नसती, डॉक्टर. तीनशे गाड्या निघाल्या. तीनशे जणांना माझ्यासारख्या तीनशे जणांनी तेच सांगितलं. तीनशेच्या तीनशे आच्छादनाखाली गेल्या. गेल्या वर्षी यातल्या अकरा माझ्यासमोर लिलावात आल्या, आणि अकराही कोऱ्या. न वापरलेली असणं हीच दुर्मीळ गोष्ट राहिली नाही. आणि घेणार कोण? ही गाडी रस्त्यावर कुणी बघितलीच नाही. पन्नाशीचा माणूस लिलावात येतो तो दहाव्या वर्षी खिडकीतून जी गाडी जाताना बघितली तिच्यासाठी. वडिलांची, शेजाऱ्याची, शाळेच्या मास्तरांची. ती चौकोनी चार दारांची साधी गाडी आठवते? लाखांनी निघाली होती, भंगारातही लाखांनी गेली. परवा तसली एक आली, दार गंजलेलं. दोन माणसं तिच्यासाठी अशी बोली वाढवत होती की मला मधे पडून पाणी द्यावं लागलं. एक जण तिचा हॉर्न वाजवून बघायचा आणि गप्प व्हायचा. तुमच्या गाडीचा हॉर्न कुणाला माहीत आहे?"

"आम्हाला," काकू म्हणाल्या. "घाटात वाजवायला लागायचा."

"किती येतील ते सांग," डॉक्टर म्हणाले.

"सीटा कोऱ्या असत्या तर तुम्ही दिले होते तेवढेच, जास्त नाही. बावीस वर्षांत बाकी सगळं पाचपट झालं, हे वेगळं. या सीटांसकट त्याच्या पाऊणपट, तेही मी रनिंग खरं लिहिलं तर. आणि ते मी लिहिणार आहे."

डॉक्टरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, त्या चमकलेल्या जागांवर. "म्हणजे घर गेलं," ते म्हणाले.

काकू पुढे बघत राहिल्या. पुढे गॅरेजची मागची भिंत होती, पांढरी, कोरडी, वर एक लांबट झरोका. बाहेरून सायकलची घंटा ऐकू आली. आणि मला, वाईट बातमी दिल्यावर जे नेहमी होतं तेच झालं: हात रिकामे राहवेनात, मी मोजायला लागलो. गॅरेजची लांबी पावलांनी मोजली. मग रुंदी. मग उंबऱ्याशी वाकलो; उंबरा नव्हताच, फरशी सरळ रस्त्याला भिडत होती.

"पलीकडे दवाखान्याचं काय येतं, या भिंतीला लागून?" मी विचारलं.

"हात धुवायचं बेसिन. का?"

"म्हणजे पाण्याचा नळ याच भिंतीत आहे."

"असेल. का रे?"

"वरची तुमची झोपायची खोली केवढी आहे?"

"याहून लहान," काकू म्हणाल्या, आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "घरातली सगळ्यात मोठी खोली, हवेशीर, रस्त्याला समतल, भिंतीत पाणी. तिथे बावीस वर्षं कोण राहतंय?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"गाडी," काकू म्हणाल्या. "गाडी तळमजल्यावर आणि मी बत्तीस पायऱ्या वर. हिचा भाव उतरू नये म्हणून." आणि त्या हसायला लागल्या. हसताना छातीवर हात ठेवावा लागला, तरी थांबेनात. "अहो, तुम्ही गावाच्या टोकाला बैठं घर बघायला गेलात, ते गाडी इथे लावून रिक्षानं गेलात ना?"

"ऊन होतं," डॉक्टर म्हणाले. "रंग उडतो."

*

कागदावर मी लिहिलं: रनिंग चारशे अठरा किलोमीटर, खरे. सीटा, स्टिअरिंग आणि पायरबरांची झीज उभ्या गाडीत बसल्यामुळे.

कार्यालयातून फोन आला. "बसल्यामुळे म्हणजे? कोण बसलं?"

"मालक आणि त्यांची पत्नी."

"किती?"

"वीस वर्षं."

"मग 'घरगुती वापर' लिहू का?"

"लिहा," मी म्हटलं. आमच्या छापील कागदावर तेवढाच रकाना जवळपासचा होता.

गाडी घेतली ती तीनशेमधल्याच दुसऱ्या एकानं. त्याची गाडी मागच्या बाजूनं जळाली होती, पण दोन्ही सीटा आणि स्टिअरिंग त्यानं आधीच काढून ठेवलेले, प्लास्टिकसुद्धा न फाडलेले. त्याला कोऱ्या सीटांना गाडी हवी होती. भाव पाऊणपटीहून थोडा वर गेला, नव्याइतका काही झाला नाही. डॉक्टरांना मी आकडा कळवला आणि खरं तेच सांगितलं, की हे पैसे बँकेत नुसते पडून राहिले असते तरी याहून बरे वाढले असते.

"बँकेत संध्याकाळी बसू देत नाहीत," ते म्हणाले.

जुन्या सीटांचं आणि स्टिअरिंगचं काय करायचं ते मी घेणाऱ्याला विचारलं. भंगारात द्या म्हणाला. मी त्या माझ्या गाडीत मागे घालून आणल्या.

गॅरेजची खोली व्हायला दोन महिने लागले. शटर काढून तिथे रुंद खिडकी आणि बाजूला दार, मागच्या कोपऱ्यात न्हाणीघर, काकूंच्या हाताला लागतील अशा उंचीवर सगळीकडे दांड्या. पैसे पुरले, वर थोडे उरले. उरलेल्यात डॉक्टरांनी सुताराकडून एक लाकडी चौथरा करून घेतला. काकूंना उठता-बसता यावं म्हणून सीटा जमिनीपासून हातभर वर बसवल्या. खऱ्या गाडीत एवढ्या उंच सीटा असत्या तर टपाला डोकं लागलं असतं. तोंड खिडकीकडे. स्टिअरिंग एका खांबावर. पायरबरं मात्र गाडीबरोबर गेली होती, म्हणून क्लचच्या जागी डॉक्टरांनी दवाखान्यातलं जुनं यंत्राचं पेडल ठोकलं, ज्यानं एकेकाळी दात कोरायचं चाक फिरायचं.

विक्रीचे शेवटचे कागद द्यायला मी एका संध्याकाळी गेलो. खिडकी उघडी होती. रस्त्यावरून माणसं घरी चालली होती, एक-दोघांनी आत बघून हात केला. आता गावाला माहीत झालं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. डॉक्टर पुढे बघून चालवत होते. काकूंच्या मांडीवर नकाशा होता, आणि नकाशावर भिंग.

मला बघून डॉक्टरांनी एक हात उचलला.

"हात खाली," काकू म्हणाल्या. "वळण आहे." मग माझ्याकडे न बघता, "ठेववाले, थांबा जरा. अर्ध्या घाटात आहोत. उतरलो की बोलू."

मी कागद घेऊन खिडकीखालच्या कट्ट्यावर बसलो. आतून पेडलचा खट्ट आवाज आला, मग गिअर न बदलल्याबद्दल बोलणी, मग पुन्हा खट्ट. दिवे लागायच्या आत ते खाली उतरतील असं वाटत नव्हतं.